वाचकांचे प्रश्न, धातूंची उत्तरं: रायफल हलकी करायची, पण कुठून?

प्रश्न : माझा भाचा न्यूझीलंडला क्राइस्टचर्चमध्ये नोकरीला आहे. तिकडे त्याला शिकारीचा नाद लागलाय. रीतसर परवाना आहे, आणि दक्षिण बेटावरच्या डोंगरांत ताहर (रानबकऱ्यासारखा डोंगरी प्राणी) मारायला जातो. आता तिथल्या परवानाधारक कारागिराकडून स्वतःच्या मापाची .308 रायफल बांधून घेतोय. कारागिराने टायटॅनियम, स्कँडियम, मॅग्नेशियम अशी यादी पुढे ठेवली आहे आणि खर्चाचा आकडा ऐकून मला घाम फुटला. भाच्याने सध्याच्या रायफलीचे भाग सुटे करून स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलले. नळी 1300 ग्रॅम, बोल्टसकट ॲक्शन (काडतूस नळीत सारून मागून बंद करणारी यंत्रणा) 950, अक्रोडाचा दस्ता 1100, दुर्बीण आणि रिंगा 650, खटका, मॅगझिन, स्क्रू वगैरे 300. एकूण 4 किलो 300 ग्रॅम. त्याला ती 3 किलोच्या आसपास आणायची आहे. मी म्हटलं, धातूचं आपल्याला कळत नाही, रत्नागिरीच्या सरांना विचारू. कुठला धातू घ्यावा?
– एक आंबा बागायतदार, देवगड

उत्तर : भाच्याला आधी माझी शाबासकी कळवा. वजन कमी करायला निघालेले बहुतेक लोक सरळ धातूच्या नावापासून सुरुवात करतात. याने भाग सुटे करून तोलले. अर्धं काम तिथेच झालं.

आता त्याच्याच आकड्यांकडे बघा. सगळ्यात जड नळी, तिच्या खालोखाल दस्ता. कारागीर ज्या भागासाठी टायटॅनियम सुचवतोय तो रिसीव्हर, म्हणजे ज्यात बोल्ट मागेपुढे सरकतो ते घर. 950 ग्रॅमच्या ॲक्शनमध्ये नुसत्या रिसीव्हरचं वजन साधारण निम्मं धरू, 480 ग्रॅम. पोलादाची घनता घनसेंटिमीटरला 7.85 ग्रॅम, टायटॅनियमच्या नेहमीच्या मिश्रधातूची (6 टक्के ॲल्युमिनियम, 4 टक्के व्हॅनेडियम) 4.43. त्याच मापाचा रिसीव्हर टायटॅनियमचा केला तर 270 ग्रॅमच्या आसपास येईल. वाचले 210 ग्रॅम. आणि यादीतला सगळ्यात महागडा भाग हाच.

तेच दस्त्याचं बघा. अक्रोडाच्या जागी कार्बन फायबरचा दस्ता घेतला तर 550 ग्रॅमपर्यंत सहज येतो. म्हणजे 550 ग्रॅम वाचले, धातूला हात न लावता. दुर्बीण जरा लहान भिंगाची, रिंगा ॲल्युमिनियमच्या, तिथे 250 सुटतात. नळी तोंडाकडून 10 सेंटिमीटर आखूड घेतली तर अंदाजे 120 ग्रॅम जातात. त्या टोकाला नळी बारीक असते, म्हणून कमी. गोळीचा वेग त्यामुळे सेकंदाला 30 मीटरच्या आसपास घटेल, पण डोंगरातल्या नेहमीच्या पल्ल्याला .308 ला ते सोसतं. खालची पट्टी आणि मॅगझिनची चौकट ॲल्युमिनियमची केली की आणखी 80. झाले 1000 ग्रॅम. रायफल 3 किलो 300 वर आली आणि अजून टायटॅनियमचा तुकडाही विकत घेतलेला नाही.

प्रत्येक बदलापुढे वाचलेले ग्रॅम लिहा, त्यासमोर खर्च लिहा, आणि भागाकार करा. दर ग्रॅमला किती पडले ते कळलं की कारागिराच्या यादीतली निम्मी नावं भाचा स्वतःच खोडेल.

नळीबद्दल मात्र मला ठासून सांगायचं आहे. तिथे पोलादच. क्रोम-मॉलिब्डेनमचं 4140 घ्या नाहीतर स्टेनलेसचं 416आर घ्या, पण पोलाद. .308 च्या काडतुसाचा कमाल दाब चौरस इंचाला 62,000 पौंड ठरवलेला आहे, म्हणजे जवळजवळ 4,270 बार. ट्रकच्या टायरमध्ये हवा असते त्याच्या पाचशेपट. वर जळत्या दारूचा तापलेला झोत, आणि गोळीची घासण. टायटॅनियम बळकट आहे, पण उष्णता बाहेर टाकायला फार मंद. 4140 पोलादाची उष्णतावाहकता 40 च्या घरात, 416आरची 25 च्या आसपास, टायटॅनियमच्या मिश्रधातूची 7 सुद्धा नाही. आतल्या पृष्ठभागावरची उष्णता तिथेच कोंडते आणि आतल्या खाचा लवकर खाल्ल्या जातात.

ॲल्युमिनियमचा प्रयोग तर इतिहासात होऊन गेलाय. आर्मालाइट कंपनीने एआर-10 ही रायफल अमेरिकी लष्करापुढे ठेवली तेव्हा वजन वाचवण्यासाठी नळी ॲल्युमिनियम आणि पोलादाची जोड करून बनवली होती. 1957 मध्ये स्प्रिंगफील्ड आर्मरी या लष्कराच्या शस्त्र कारखान्याच्या चाचणीत ती फुटली. त्याच रायफलीचा रिसीव्हर ॲल्युमिनियमचा होता आणि तो निर्धोक होता. फरक कशाने पडला? त्या रचनेत बोल्टची कुलपं, म्हणजे बार उडताना त्याला जागच्या जागी अडकवून ठेवणारे दात, थेट नळीच्या मागच्या पोलादी जोडात बसतात. स्फोटाचा सगळा ताण पोलादात राहतो आणि ॲल्युमिनियमचा रिसीव्हर नुसतं सगळं धरून ठेवतो. भाच्याच्या बोल्ट-ॲक्शनमध्ये कुलपं रिसीव्हरमध्ये अडकत असतील तर गोष्ट वेगळी. कारागिराला पहिला प्रश्न हाच विचारायला सांगा : बोल्ट कशात अडकतो? रिसीव्हरमध्ये अडकत असेल तर ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम दोन्ही बाद.

बाजारात नळीला कार्बन फायबर गुंडाळून देतात. आत पोलादाची पातळ नळी, वर कार्बनचा थर. चांगली वस्तू आहे. पण ती जाडजूड नळीला पर्याय म्हणून हलकी आहे. भाच्याची नळी आधीच शिकारीची बारीक नळी असेल तर वजनात फार काही पदरात पडणार नाही.

आता टायटॅनियम रिसीव्हरचं. घेऊच नका असं मी म्हणणार नाही. गंजत नाही, बळकट आहे, आणि चांगले कारागीर त्याचे रिसीव्हर उत्तम करतात. पण दोन गोष्टी बघून घ्याव्यात. पहिली ताठपणाची. ताणाखाली धातू लवायला किती विरोध करतो त्याचा आकडा असतो. पोलादाला 200 गिगापास्कल, टायटॅनियमला 114, ॲल्युमिनियमला 71, मॅग्नेशियमला 45. म्हणजे त्याच मापाचा भाग त्याच जोराखाली टायटॅनियममध्ये पावणेदोनपट लवतो. म्हणून पोलादी रिसीव्हरचं चित्र जसंच्या तसं घेऊन टायटॅनियममध्ये कापणाऱ्याकडून घेऊ नये. जिथे ताण येतो तिथे जाडी वाढवलेली हवी, आणि ती वाढवली की वाचलेल्या 210 मधले काही ग्रॅम परत जातात.

दुसरी गोष्ट आम्ही टूलरूममध्ये हाताने शिकलो. टायटॅनियम दुसऱ्या धातूवर दाबून घासलं की चावतं. आटे कोरडे बसवले आणि थोडा जोर दिला तर अर्ध्या फेऱ्यात करकर असा आवाज येतो, पाना जड होतो, आणि मग ना पुढे ना मागे. उघडून पाहिलं तर आट्यांच्या माथ्यावर धातूचे बारीक पापुद्रे उचललेले दिसतात, जणू नखाने ओरबाडल्यासारखे. म्हणून बोल्ट पोलादी असावा, त्यावर आणि कुलपांच्या जागेवर कठीण लेप किंवा नायट्रायडिंग (पृष्ठभागात नायट्रोजन मुरवून तो कठीण करणं) केलेलं असावं, आणि नळी रिसीव्हरमध्ये फिरवताना आट्यांना न चावण्याचं वंगण लावलेलं असावं. कारागिराने यावर खांदे उडवले तर भाच्याने दुसरा कारागीर गाठावा.

लेथवर टायटॅनियम कापताना उष्णता हत्याराच्या टोकाशीच साचते. पोलादाच्या मानाने वेग तिपटी-चौपटीने उतरवावा लागतो, थंडावा भरपूर द्यावा लागतो. हत्यार बोथट झालं की कातर, म्हणजे कापताना निघणारा धातूचा चुरा, आधी पिवळसर, मग जांभळी, निळी होत जाते, आणि बारीक कातर पेटते ती डोळ्यांना न सोसणाऱ्या पांढऱ्या ठिणग्यांनी. कारागीर जास्त पैसे मागतो त्यात या सगळ्याचा मोठा वाटा असतो. त्याचं मागणं गैर नाही.

स्कँडियमबद्दल गैरसमज फार आहे. ‘स्कँडियमचा भाग’ म्हणून जे विकतात ते ॲल्युमिनियमच असतं. त्यात स्कँडियम एक टक्क्याहूनही कमी. पण तेवढ्यानेच ॲल्युमिनियमचे कण बारीक राहतात आणि ताकद वाढते. सोव्हिएत काळात मिग विमानांत हा मिश्रधातू वापरला, आणि स्मिथ अँड वेसनने रिव्हॉल्व्हरच्या सांगाड्यासाठी. पण ताठपणा ॲल्युमिनियमचाच राहतो, घनताही जवळजवळ तीच. भाच्याच्या रायफलीत ज्या जागी ॲल्युमिनियम चालतं, त्या रिंगांना आणि खालच्या पट्टीला साधं 7075 क्रमांकाचं ॲल्युमिनियम पुरतं. स्कँडियमसाठी जादा पैसे देऊ नयेत.

मॅग्नेशियमची घनता 1.8. हातात घेतलं की प्लास्टिकच उचललंय असं वाटतं. त्याचे सांगाडे आता रायफलींनाही मिळतात. माझी हरकत खाऱ्या हवेला आहे. क्राइस्टचर्च समुद्रालाच लागून आहे, आणि दोन वेगळे धातू एकत्र भिजले तर त्यातला दुबळा झिजतो. मॅग्नेशियम सगळ्यांत दुबळं. मिरकरवाड्याच्या जेटीवर ॲल्युमिनियमच्या पट्टीत स्टेनलेसचा बोल्ट बसवलेला कधी जवळून बघा. बोल्ट चकचकीत असतो. त्याच्या वॉशरभोवती पांढरी भुकटी बसलेली असते. अंगठ्याने ती पुसली की खाली ॲल्युमिनियमला खड्डे पडलेले दिसतात, वॉशरच्या कडेला तर पट्टी कागदाएवढी पातळ. ॲल्युमिनियमचं हे होतं, मग मॅग्नेशियमचं काय होईल? मॅग्नेशियम घ्यायचंच असेल तर प्रत्येक पोलादी स्क्रूखाली विलग करणारा थर हवा आणि लेपाला ओरखडा पडला की त्याच दिवशी दुरुस्ती. डोंगरात खडकांवरून चढणाऱ्या माणसाने एवढं सांभाळावं अशी माझी अपेक्षा नाही. बेरिलियमचं नाव यादीत नाही हे छान झालं. जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीचे आरसे त्याचे आहेत, हलकं आणि पोलादाहून ताठ. पण त्याची धूळ श्वासात गेली तर फुप्फुसाचा कायमचा आजार जडतो. कोणी सुचवलं तरी नको.

टायटॅनियमला खरोखर शोभणारी जागा म्हणजे सायलेन्सर. न्यूझीलंडमध्ये तो कायदेशीर आहे आणि शिकारी तो सर्रास लावतात. नळीच्या टोकाला असल्याने तिथला प्रत्येक ग्रॅम हाताला जास्त जाणवतो, आणि शिकारीत लागोपाठ फैरी झाडत नसल्याने तो फार तापतही नाही. भाच्याला टायटॅनियमची हौस असेल तर पैसे तिथे घालावेत.

आता 3 किलोच्या हट्टाबद्दल. 150 ग्रेनची (पावणेदहा ग्रॅमच्या आसपास) गोळी सेकंदाला 860 मीटरने सुटते असं धरून मी धक्क्याचा हिशेब मांडला, सायलेन्सर न लावता. 4.3 किलोच्या रायफलीला धक्क्याची ऊर्जा 16 जूलच्या आसपास येते. 3.3 किलोला 21. अडीच किलोला 28. वजन घटलं की धक्का त्याच प्रमाणात वाढतो, यातून कुठलाही धातू सोडवत नाही. धक्क्याची भीती बसलेला माणूस खटका दाबायच्या आधीच खांदा आवळतो. शिवाय हलकी नळी धापा टाकणाऱ्या छातीबरोबर हलत राहते. चढ चढून आल्यावर नेम धरताना थोडं पुढचं वजन उपयोगी पडतं.

मला सगळ्यात जास्त काळजी याच गोष्टीची आहे. चुकलेली गोळी हवेत गेली तर काडतूस वाया गेलं, एवढंच. पण पोटात लागलेलं जनावर कड्यापलीकडे निघून जातं आणि तडफडत मरतं. ताहर हा मूळचा आपल्या हिमालयातला प्राणी. 1904 साली तो माउंट कुकच्या परिसरात सोडला. तिथल्या झाडोऱ्याला त्याचा उपद्रव होतो म्हणून त्याची संख्या सरकारच आटोक्यात ठेवतं. मारायची परवानगी आहे, हाल करायची नाही. म्हणून मामा या नात्याने तुम्ही त्याला सांगा : 3 किलो 300 वर थांब, वाचलेल्या पैशांची काडतुसं घे, आणि त्याच रायफलीने उभ्याने, बसून, पाठपिशवीवर टेकून सराव कर. एक मोसम वापरल्यावरही जड वाटली तर रिसीव्हर बदलता येईल.

प्रश्न : आमच्याकडे वडिलांपासून शेतीसंरक्षणाची परवान्याची बंदूक आहे, बारा बोअरची. काजूत आणि भातात रानडुकरं फार घुसतात. बंदूक जड आहे, मला आता रात्रीची बागेत नेववत नाही. ओळखीचा एक लेथवाला ॲल्युमिनियमची नवी नळी काढून देतो म्हणतोय. निदान आहे ती तरी हातभर कापून घ्यावी का?
– एक शेतकरी, संगमेश्वर तालुका

उत्तर : दोन्हींपैकी काहीही करू नका. कृपा करून त्या लेथवाल्यालाही हे पान वाचायला द्या.

1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदूक किंवा तिचा भाग बनवणं, बदलणं, दुरुस्त करणं याला स्वतंत्र परवाना लागतो. नळी आखूड करायलाही लागतो. तुमच्या हातातला परवाना बंदूक बाळगण्याचा आहे, तो यापैकी कशालाच पुरत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा गुन्ह्याला किमान 7 वर्षांची शिक्षा आहे. लेथवाला आणि तुम्ही, दोघेही अडकाल. आणि कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी ॲल्युमिनियमची नळी तुमच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर फुटेल. बारा बोअरचा दाब रायफलीच्या मानाने कमी असतो, पण लेथवाल्याच्या भंगारातल्या सळईत काय मिसळलंय ते त्यालाही ठाऊक नसतं.

वजनावर उपाय म्हणजे रुंद पट्टा. परवानाधारक बंदूकविक्रेत्याकडे मिळतो, खांद्यावर नीट बसतो आणि हात मोकळे राहतात. बंदूक जुनी आहे तेव्हा त्याच फेरीत नळी आतून तपासून घ्या. पावसाळ्यात नळीत ओल राहून पडलेले खड्डे बाहेरून दिसत नाहीत. निवडणुकीच्या वेळी बंदूक पोलीस ठाण्यात जमा होती का? असेल तर परत आल्यावर आधी पुसून तेल द्या, मगच पेटीत ठेवा.

आणखी एक. शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे डुक्कर मारायची परवानगी नव्हे. 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली त्याला वनखात्याची लेखी परवानगी लागते, आणि नुकसानभरपाईचा अर्जही तिथेच करायचा असतो. रात्रीच्या अंधारात झाडीत काहीतरी हललं म्हणून बार टाकू नका. झाडीपलीकडे कोणाचा तरी गडी राखणीला बसलेला असतो.

प्रश्न : काळबादेवीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत टायटॅनियम आहे असं मुलांना सांगितलं, तर एकाने विचारलं, मग ते एवढं महाग का? शिवाय वर्गात दाखवण्यासारखं काही आहे का?
– एक शिक्षिका, रत्नागिरी

उत्तर : मुलाने नेमकं विचारलं. त्या वाळूत इल्मेनाइट आहे, म्हणजे लोखंड, टायटॅनियम आणि ऑक्सिजन. खनिज मुबलक आहे. महाग आहे ते त्यातून ऑक्सिजन सोडवणं. टायटॅनियम ऑक्सिजनला सहजासहजी सोडत नाही, म्हणून लोखंडासारखं कोळसा घालून भट्टीत गाळता येत नाही. आधी क्लोरीनशी संयोग करून त्याचं द्रव क्लोराइड करतात, मग हवा शिरू न देता 800 ते 900 अंशांवर वितळलेल्या मॅग्नेशियमबरोबर ठेवतात. मॅग्नेशियम क्लोरीन ओढून घेतं आणि टायटॅनियम भोकाभोकांच्या ढेकळासारखं मागे उरतं. विल्यम क्रोल यांची ही पद्धत 1940 पासून चालत आलीय. एकेक घाणा काढायला दिवस लागतात, आणि मग ते ढेकूळ निर्वातात पुन्हा वितळवावं लागतं. केरळात चवरा इथे असा कारखाना 2011 साली सुरू झाला, वर्षाला 500 टन क्षमतेचा. पण खणलेल्या इल्मेनाइटचा मोठा भाग धातूसाठी जातच नाही. त्याचं पांढरं रंगद्रव्य होतं. तुमच्या वर्गाच्या भिंतीला पांढरा ऑइलपेंट असेल तर बहुधा त्यातही टायटॅनियम आहे, हे मुलांना सांगा.

दाखवण्यासाठी काळी वाळू धुऊन, उन्हात खडखडीत वाळवून कागदावर पसरा. साध्या चुंबकाला कागदाची पातळ पुडी करा आणि वरून फिरवा. जे कण उडी मारून चिकटतात ते मॅग्नेटाइट. चुंबक दूर नेऊन पुडी सोडवली की ते वेगळे पडतात. असं चार-पाच वेळा केल्यावर चुंबकाला न जुमानता मागे जे काळे, चकाकणारे कण राहतात त्यांत इल्मेनाइट बरंच असतं. स्पीकरमधला जोरदार चुंबक अगदी जवळ धरला तर त्यातलेही काही हलतात, कारण इल्मेनाइटला चुंबकाची ओढ असते पण क्षीण. मुलांना दोन्ही ढीग भिंगाखाली बघू द्या.